त्या काळात संगणक नीट चालू होता

२ एप्रिल
हॉस्पिटल मंडळाचं ऑफिस, बाहेरचा बाक

दार त्यांनी आतून लावून घेतलं आहे आणि माझी फाईल आत आहे. शिपाई म्हणाला, "बैठो मॅडम, पाच मिनिट." त्यानंतर तीन माणसं आत जाऊन चहा पिऊन बाहेर आली. मी उठते, कूलरपर्यंत जाते, पाणी न पिता परत येते. बसवत नाही म्हणून लिहिते आहे.

ज्ञानदीप, माझ्या मेसेजवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. पत्राला खुणा नसतात. तू वाचलंस की नाही ते मला कळणार नाही. तेच बरं.

बोलावलं.

*

बसमध्ये लिहिते आहे. अक्षर हलेल.

चौकशी अधिकाऱ्यांचं नाव प्रतापराव शितोळे. माणूस सभ्य आहे. आधी खुर्ची दिली, मग चहा, मग विचारलं, "पंचशीलाजी, कोर्टाने तुम्हाला निर्दोष सोडलं. मंडळाने नोकरी परत दिली. आता काय पाहिजे?"

नोकरी परत दिली म्हणजे औषधांच्या स्टोअरची नाही. व्हीलचेअर देण्याच्या खिडकीवर बसवलं आहे. ते मी बोलले नाही.

मी म्हटलं, "हॉस्पिटलचं मॉर्फिन मी चोरलं, असं मंडळाच्या सिस्टिमने सांगितलं. ते खोटं होतं. खोटं आहे हे ज्यांना माहीत होतं त्यांनी उत्तर द्यावं."

"सिस्टिमवर केस होत नाही ना, मॅडम."

"सिस्टिम नीट होती असं लिहून देणाऱ्यांवर होते."

त्यांनी पानं उलटली आणि ते प्रमाणपत्र काढलं. 'त्या काळात संगणक नीट चालू होता.' खाली सही. "ज्ञानदीप नथूजी गजभिये," त्यांनी वाचलं. "हे कोण महाशय?"

"सिस्टिम ऑफिसर होते. कंत्राटावर."

"मग झालं ना! यांनी लिहून दिलं, हे जबाबदार."

"त्यांनी लिहिलं नव्हतं. अधीक्षकांनी तयार कागद पुढे ठेवला. डॉक्टर यशवर्धन यांनी. सिस्टिम त्यांनीच मंजूर केली होती."

"त्यांची सही दाखवा."

"नाही."

"बडे लोग सही नाही करत, मॅडम," ते हसले. "म्हणून तर बडे राहतात."

माझं आडनाव सासरचं आहे. तू माझा कोण ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तुला माहीत असलेलं पुन्हा लिहिते, कारण कोर्टात तू ते विसरलास. रंगपंचमीला रंग उडवत गेरची मिरवणूक निघते, राजवाड्याकडचे रस्ते बंद होतात, अर्धा स्टाफ रंगात असतो आणि अर्धा कुठेतरी अडकलेला. म्हणून आदल्या संध्याकाळीच आम्ही स्टोअरमधून वॉर्डांना दुसऱ्या दिवसाची औषधं देऊन टाकायचो. नोंद उद्याच्या तारखेने, कारण खर्च उद्याचा. हाताने लिहायचो तेव्हापासूनची पद्धत. मग सिस्टिम आली. रात्री हिशोब बंद करताना ती उद्याच्या तारखेच्या सगळ्या नोंदी 'माल परत आला' म्हणून फिरवायची. कॉम्प्युटरमध्ये इंजेक्शनं स्टोअरला परत. खरी इंजेक्शनं वॉर्डात, रुग्णांच्या अंगात. ऑडिटवाल्यांनी कपाट उघडलं तर कॉम्प्युटरमधला माल कपाटात नाही. वॉर्डाच्या चिठ्ठ्या कोणी मागितल्या नाहीत. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल, म्हणाले.

तूच एकदा जेवताना हसत म्हणाला होतास, "ताई, तुमची रंगपंचमी कंपनीवाल्यांना माहीतच नाही." ऑडिटच्या कितीतरी आधी तू अधीक्षकांना तशी मेल केली होतीस. मंडळाच्या दप्तरात ती नाही. सर्व्हर बदलला म्हणतात.

तुझ्याकडे आहे.

ताई

६ एप्रिल
देवास, बसस्टँड

कुमुदिनीकडून निघाले. बस आली, मी चढले नाही. पुढची येईल.

तिचं हॉस्पिटल आपल्याच मंडळाचं. तीच सिस्टिम, तीच रंगपंचमी, तेच प्रमाणपत्र, खाली तुझीच सही. दोन्हीकडचं काम तू बघायचास. तिचा चेहरा तुला माहीत नसेल. बारीक बाई आहे, बोलते भरपूर. दार उघडून म्हणाली, "या! देवासच्या चोराकडे इंदूरची चोर."

आत तिच्या सासूबाई लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "हिला हसू येतं कसं, मला समजत नाही."

"आई, कोर्टातला चायवाला मला न विचारता बिनसाखरेची फिकी चाय आणतो," कुमुदिनी म्हणाली. "इतकी ओळख मला माहेरी नाही."

सासूबाई हसल्या नाहीत. लसूण घेऊन आत गेल्या. त्या गेल्यावर कुमुदिनी हळू बोलायला लागली. वकिलाने सुचवलं आहे की गुन्हा कबूल करून टाका. जितकं आत राहून झालं तितकीच सजा लागेल, मामला खतम. पुढची तारीख सतरा आहे. सिस्टिम ऑफिसर साक्षीला आला नाही तर त्याच दिवशी कबुलीचा अर्ज.

"पण तू घेतलेलं नाहीस," मी म्हटलं.

"नाही घेतलं. पण किती वर्षं तेच सांगू, बाई? आता मलाच कधी कधी वाटतं, घेतलं असेल का."

माझ्या निकालाची प्रत तिच्याकडे आहे. सात वॉर्डांतून एकाच सेकंदाला माल परत येणं शक्य नाही, असं आमच्या न्यायाधीशांनी म्हटलं आणि मी सुटले. तिच्या केसमध्ये मंडळाने जी छापील प्रत दिली तिच्यात वेळेचा रकानाच नाही. तारीख आहे, वेळ नाही. म्हणून तिला तू हवास. समन्स तुझ्या बडा गणपतीजवळच्या जुन्या खोलीवर गेलं आणि परत आलं. वर शेरा, 'पत्ता सोडून गेले.'

"तुझा भाऊ ना तो?" ती म्हणाली. तिला पहिल्यापासून माहीत आहे. "पत्ता नाही तुझ्याकडे?"

"नाही," मी म्हटलं.

तिने पुन्हा विचारलं नाही. मला पोळी वाढली. वर तूप घातलं.

दुसरी बसही गेली. पुण्यात तू कितव्या मजल्यावर राहतोस ते मला माहीत आहे. तुझ्या रुचीने नव्या घराचे फोटो पाठवले होते, दारावरच्या पाटीसकट.

ताई

९ एप्रिल
घर

रुचीने काल फोन उचलला. तुला सांगितलं असेल, किंवा नसेल.

"ताई, ते बाथरूममध्ये आहेत."

"थांबते."

मी थांबले. तिकडे पाण्याचा आवाज नव्हता. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"ताई, त्यांना झोपच नाही लागत. डॉक्टरने गोळी दिली आहे."

"कुठली?"

तिने नाव सांगितलं. मी म्हटलं, "रिकाम्या पोटी देऊ नको," आणि फोन ठेवला. त्यानंतर किती तरी वेळ मला स्वतःचा राग येत होता. विचारायचं होतं एक, सांगून बसले दुसरं.

आज प्रतापरावांनी पुन्हा बोलावलं. चहा आधीच आणून ठेवला होता.

"गजभिये तुमचे सख्खे भाऊ आहेत म्हणे. सांगितलं नाही तुम्ही."

"तुम्ही विचारलं नाही."

"म्हणजे हा घरचा मामला निघाला."

"घरचा असता तर घरी मिटवला असता. मी तुमच्याकडे आले नसते."

त्यांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. माझ्या नावाने तक्रार. आरोपी एकच: तू. खोटं प्रमाणपत्र देऊन मंडळाची आणि न्यायालयाची दिशाभूल. मंडळाची सुद्धा, दीप. त्या कागदात मंडळ माझ्या बाजूला बसलं आहे.

"यावर सही करा," ते म्हणाले, "याच महिन्यात केस चालवायची मंजुरी आणतो. शब्द देतो. यात कोणाची तरी गर्दन हातात येते. दुसऱ्या रस्त्याने गेल्या तर कोणाचीच नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतो."

खरंच भल्याचं सांगत होते. तेच वाईट.

सही केली नाही. फाडलाही नाही. घरी घेऊन आले आणि आता तो कुठे ठेवावा कळत नाही. आई सगळं वाचते, किराण्याच्या पुड्याचे कागद सुद्धा. गादीखाली ठेवला. मग डाळीच्या डब्यामागे. आता पर्समध्ये आहे आणि पर्स खांद्याला आहे. पर्स लावून घरात फिरते आहे. प्रियंका म्हणाली, "मम्मी, कुठे चाललीस?" म्हटलं, कुठे नाही. ती कॉलेजला गेली, मी फिरतेच आहे.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही.

हे खरं नाही. थोडं घाबरवायला लिहिते आहे.

माझ्या केसमधल्या साक्षीत तू म्हणालास की सही करताना कागदावर कोणाचं नाव नव्हतं, फक्त लॉगिन नंबर होता. तो नंबर मला तूच दिला होतास. स्टोअरमध्ये माझ्या शेजारी उभा राहून. पासवर्ड काय टाकू म्हटलं तर म्हणालास, आईचं नाव टाक, विसरणार नाहीस.

तुझा पत्ता मी कोर्टाला दिलेला नाही. मंडळालाही नाही. तू स्वतः यावंस म्हणून. ते तुझ्यासाठी केलं की माझ्यासाठी, ते विचारू नको.

पंचशीला

१४ एप्रिल
महू

आईने ऐकलं नाही. गुडघे दुखतात, ऊन आहे, गर्दी आहे, सगळं सांगून झालं. पांढरी साडी नेसून सकाळीच दारात उभी. "नथूजी गेले तरी मी एक साल चुकवलं नाही. तू येते की मी रिक्षा बोलावू?"

आता एका शाळेच्या ओट्यावर सावलीत बसलो आहोत. समोरून माणसं सरकताहेत. आई प्रत्येक निळ्या शर्टाकडे मान उंचावून बघते. तू दरवर्षी यायचास. "तो बघ, तो दीप नाही का?" नाही. "तो?" नाही, आई.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, बहीण जेलात गेली म्हणून तू लाजेने येत नाहीस. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणते, "बहिणीवर इल्जाम लागला तर भावाने पाठीशी उभं राहावं की पुण्याला पळावं?" ती तुझ्यावर रागावली आहे, चुकीच्या कारणासाठी. मी रागावू देते.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार ओळी. त्या इथे उतरवते, म्हणजे तुला दिसेल की तू काय लिहिलंस. 'ताई, मेल माझ्याकडे आहे. ती दाखवली तर बिघाड माहीत असून सही केली हे सिद्ध होतं. मग मीच आत. वकील म्हणतात काही लिहून देऊ नको. आईचे गुडघे कसे आहेत?'

बरोबर आहे. सिद्ध होतं.

तू भित्रा आहेस असं मी कधी म्हटलं नाही. कंत्राट संपत होतं, नवीन लग्न होतं, अधीक्षक म्हणाले फॉर्मॅलिटी आहे. मी सगळं समजून घेऊ शकते. बसल्या बसल्या समजून घेते, मग उठून उभी राहते आणि काहीच समजलेलं नसतं.

आत काय असतं ते मी तुला लिहिलं नाही. लिहिणार नाही. एवढंच, की तिथे मला सगळ्या 'दवाईवाली' म्हणायच्या. कुणाचं डोकं दुखलं, कुणाच्या पोटात कळ आली, की माझ्याकडे यायच्या. माझ्याकडे काही नसायचं. तरी यायच्या.

कुमुदिनीला पुन्हा तिथे पाठवायचं नाही. कबुली दिली तर पाठवणार नाहीत म्हणतात. पण मग ती घरी बसून चोर राहील. सासूबाई लसूण सोलतील आणि ती चोर राहील. तुझी सही खरी ठरेल, कायमची.

गुरुवारी सकाळी. देवास जिल्हा कोर्ट.

आई विचारते, कोणाला लिहितेस. म्हटलं, दीपला. म्हणाली, "लिही, आई अजून मेलेली नाही."

लिहिलं.

१६ एप्रिल
लालबाग, इंदूर

तक्रार दिली. आवक-जावकच्या खिडकीतून शिक्का मारून घेतला आणि पायी निघाले. रिक्षा थांबत होत्या, बसावंसं वाटलं नाही. लालबागेपर्यंत आले तेव्हा पाय थांबले. कुठलातरी मेळा उठतो आहे, माणसं तंबूचे बांबू काढताहेत.

प्रतापरावांचा कागद त्यांच्या टेबलावर परत ठेवला. माझा मी लिहिला. तीन नावं. पहिलं अधीक्षकांचं, कारण कागद त्यांनी तयार केला. दुसरं सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचं, कारण बिघाड कळवल्यावर त्याने 'तुमच्या लोकांना नीट वापरायला शिकवा' असं उत्तर दिलं. हेही तूच तेव्हा सांगितलं होतंस. तिसरं तुझं.

क्लार्क म्हणाला, "मॅडम, साहेबांनी दिला तो फॉरमॅट हा नाही."

"हा माझा आहे."

प्रतापराव बाहेर आले. उभ्यानेच वाचलं. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई," मॅडम नाही म्हणाले, "यातली वरची दोन नावं रस्त्यात कटतील. खालचं राहील. तुम्हाला समजतं ना?"

"समजतं."

"तरी?"

तरी. तुझं नाव सोडून वरची दोन लिहिली असती तर त्यांना काय तोंडाने विचारणार होते? आणि दोन नावं कटली तर ती का कटली हे मी विचारत राहीन, पुढच्या खिडकीवर, त्याच्या पुढच्या. तुझं एकट्याचं असतं तर विचारायला काही उरलं नसतं. सगळे मोकळे झाले असते. मीसुद्धा.

पत्ते द्यावे लागले. तुझा दिला, मजल्यासकट.

काल आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "त्याने वाचून सही केली का न वाचता?"

"वाचून."

ती उठून कुकर लावायला गेली. शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करायला आली नाही. मीच केला. जेवताना तुझ्यावर एक शब्द बोलली नाही. इतके दिवस बोलत होती ते बरं होतं.

आता खरं सांगायचं ते. खिडकीवरून वळले आणि रुचीचा मेसेज आला. 'ताई, ते निघत आहेत. सकाळी देवासला पोचतील. मेल छापून घेतली आहे. मी नाही म्हटलं तरी.'

शिक्का आधी पडला होता. मेसेज आधी आला असता तर मी तक्रार दिली असती का, मला माहीत नाही. मघापासून तोच विचार करत चालले.

हे पत्र पोस्टात टाकण्यात अर्थ नाही. तू गाडीत असशील. उद्या हातात द्यायचं. साक्षीच्या आधी की नंतर?

नंतर दिलं तर तू मेल दाखवशील, खरं सांगशील, कुमुदिनीचा कबुलीचा अर्ज तिच्या वकिलाच्या पिशवीतच राहील. मग बाहेर आल्यावर तुला कळेल की ज्या गुन्ह्यासाठी तू स्वतःच पुरावा दिलास त्याची तक्रार बहिणीने आदल्या दिवशी केली आहे. आधी दिलं तर तू फाटकातून परत जाऊ शकतोस. गेलास तर कुमुदिनी बुडते, आणि ती माझ्यामुळे. तिला विचारायला हवं. तिला फोन लावला आणि वाजायच्या आधी बंद केला. तिला विचारलं तर ती म्हणेल नंतर. कोणीही म्हणेल.

बांबू काढणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "मॅडम, किसी को ढूँढ रहे हो क्या?" तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं की मी त्यांच्या तंबूभोवतीच फिरते आहे.

दीप, तुझ्यापुढे एकदा कागद सरकवून फॉर्मॅलिटी आहे असं सांगितलं होतं. तुला न सांगता मी उद्या तुला आत पाठवलं तर मीही तेच करते. कुमुदिनीसाठी केलं तरी तेच.

म्हणून आधी देईन. सकाळपर्यंत मन बदललं नाही तर.

ताई

१७ एप्रिल

सकाळी ज्ञानदीप देवासच्या कोर्टात आला. मी पत्र दिलं. त्याने ते भिंतीला टेकून वाचलं आणि विचारलं, "शिक्का पडला?" मी म्हटलं, "पडला." तो फाटकाबाहेर गेला आणि रस्त्यापलीकडे उभा राहिला. कुमुदिनीने मला विचारलं, "तू त्याला काय दिलंस?" मी तिला सांगितलं. ती माझ्यापासून दूर जाऊन बसली. पुकारा झाला तेव्हा तो परत आला. शपथेवर त्याने सांगितलं की प्रमाणपत्र त्याने लिहिलं नव्हतं, सिस्टिम तपासली नव्हती, बिघाड त्याला आधीपासून माहीत होता. मेलची प्रत कोर्टाने ठेवून घेतली. सरकारी वकिलांची उलटतपासणी जेवणाच्या सुट्टीनंतर आहे.